आधी पॅटर्न, मग कास्टिंग

या महिन्यात वेबसाइटचं काम करणाऱ्या वाचकांची पत्रं जास्त आली. बहुतेकांचं दुखणं एकच: काम सुरू होण्याआधी जो विचार करावा लागतो, त्याचे पैसे गिऱ्हाईक देत नाही. एक पत्र मात्र पलीकडच्या बाजूचं, पैसे देणाऱ्याचं आहे. तेही घेतलं आहे.

प्रश्न: दोन मुलांना हाताशी घेऊन मी वेबसाइट बनवतो. कोल्हापूर परिसरातल्या उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावचे कारखानदार हे माझं मुख्य गिऱ्हाईक. पहिल्याच भेटीत "एकूण किती होतील ते एकदाच सांगा की" असं म्हणतात. आधी अभ्यास करून आराखडा करावा लागेल आणि त्याचे वेगळे पैसे होतील म्हटलं की चेहरा बदलतो. स्ट्रॅटेजीचे पैसे मागायचे तरी कसे? — राजारामपुरीतील वाचक

'स्ट्रॅटेजी' हा शब्द आधी बोलण्यातून काढा. तो ऐकला की समोरच्याला वाटतं, हा गप्पांचे पैसे मागतोय. पैसे वस्तूचे मागावेत. तिला नाव द्या, माप द्या, तारीख द्या: 'वेबसाइटचा आराखडा', साधारण वीस पानांची फाईल, कामाच्या बारा दिवसांत हातात, किंमत अमुक.

फाउंड्रीवाल्याला, म्हणजे धातू ओतून भाग बनवणाऱ्याला, तर हे समजावण्याचीही गरज नाही, कारण तो स्वतः रोज हेच करतो. नव्या कास्टिंगची, म्हणजे ओतीव भागाची, चौकशी आली की तो आधी ड्रॉइंग मागतो. किलोचा दर वेगळा सांगतो, पॅटर्नचे (ज्यावरून साचा घडतो त्या नमुन्याचे) पैसे वेगळे सांगतो. पॅटर्न झाला की मेथडिंग (धातू कसा ओतायचा ते ठरवणं), मग सँपल, आणि सँपल पास झालं तरच लॉट. ज्यानं पॅटर्नचे पैसे दिले, पॅटर्न त्याच्या मालकीचा; उद्या तो उचलून दुसऱ्या फाउंड्रीत नेला तरी कोणी अडवत नाही. तेव्हा त्याला एवढंच विचारा: "साहेब, ड्रॉइंग न बघता तुम्ही किलोचा दर पक्का कराल का? मी आत्ता आकडा सांगितला तर तो अंदाजपंचे असेल. आराखडा हा तुमच्या साइटचा पॅटर्न. पैसे तुम्ही देणार, म्हणून तो तुमचा. काम दुसऱ्याकडून करून घ्यायचं ठरवलंत तरी तो तुमच्याकडेच राहील."

बांधकामवाल्याकडे आर्किटेक्टच्या फीचा दाखला चालतो. बागायतदाराला पाणाड्या आठवतो: बोअरला पाणी लागो न लागो, जागा दाखवायचे पैसे त्यानं आधीच मोजलेले असतात. दाखला एकच द्या आणि तो गिऱ्हाइकाच्या धंद्यातलाच असू द्या. तीन-चार दिलेत की ते पाठ केलेलं भाषण वाटतं.

नुसत्या दाखल्यावर मात्र पाकीट उघडत नाही. पहिल्या भेटीत त्याचीच सध्याची साइट त्याच्याच मोबाइलवर उघडा आणि त्याला पुण्याच्या एखाद्या परचेस मॅनेजरच्या खुर्चीत बसवा. इथं किती किलोपासून किती किलोपर्यंतचं कास्टिंग होतं? ओतीव लोखंडाच्या दर्जांपैकी एफजी २६० होतं का, एसजी ५००/७ होतं का? मशिनिंग आतच होतं की बाहेरून? धातूतले घटक तपासणारं स्पेक्ट्रोमीटर आहे का? वाहन उद्योगातल्या गुणवत्तेचं, आयएटीएफ १६९४९ चं प्रमाणपत्र कोणत्या तारखेपर्यंत वैध आहे? पुष्कळ साइटवर यातलं काहीच सापडत नाही. संचालकांचा फोटो, गुणवत्तेची शपथ आणि फिरणारी दातेरी चाकं मात्र हमखास असतात. मालक स्वतः दोन मिनिटं शोधून थकला की आराखडा कशासाठी, हे तुम्हाला सांगावं लागत नाही.

आणखी एक धोका तिथंच सांगून टाका. कारखान्यात काढलेल्या फोटोंत कास्टिंगवर मोठ्या कंपनीचा लोगो आणि पार्ट नंबर उठून दिसतो, आणि त्या कंपनीशी गोपनीयतेचा करार झालेला असतो. साइट चालू होते, आठवड्यात तिकडून फोन येतो आणि सगळी गॅलरी उतरवावी लागते. कोणत्या पार्टचे फोटो चालतात, कोणाचं नाव घेता येतं, हे आधी विचारून लिहून ठेवणं आराखड्यातच येतं.

आकडा अजिबात न सांगणं हीसुद्धा चूकच. मग तो तुम्हाला लपवाछपवी करणारा समजतो. पल्ला सांगा: "असं काम ८०,००० पासून १,८०,००० पर्यंत जातं. तुमचं कुठं बसतं, ते आराखड्यानं ठरेल." पल्ल्याच्या खालच्या टोकालाच तो बिचकला, तर ते गिऱ्हाईक तुमचं नाही. हे आराखड्यावर वीस तास घालवण्याआधी कळलं, हेही काही कमी नाही.

प्रश्न: आराखड्याचे किती घ्यायचे आणि त्यात नेमकं काय द्यायचं? आमच्याकडे एक जण ५,००० सांगतो, दुसरा ४०,०००. — गडहिंग्लज

दुसऱ्याचा आकडा सोडा, आपले तास मोजा. आधी तासाचा दर. भाडं, पगार, इंटरनेट, सॉफ्टवेअर आणि घरखर्च धरून महिन्याला ६०,००० लागत असतील, तर ते २०० तासांनी भागू नका. भेटीगाठी, वसुली, दुरुस्त्या, फोन यांत निम्म्याहून जास्त वेळ जातो. बिल लावता येईल असे तास ९० धरा. म्हणजे ६६७, सोयीसाठी ७०० रुपये तास.

आता मध्यम कामाच्या आराखड्याचे तास बघा. मालकांशी दीड-दीड तासाच्या दोन बैठका, ३ तास. दुकानात किंवा कारखान्यात नुसतं बसून बघणं, २. त्यांच्या पाच गिऱ्हाइकांशी फोनवर बोलणं, २. जुनी साइट आणि तिचे आकडे तपासणं, ३. त्याच धंद्यातल्या पाच साइट बघणं, २. पानांची यादी आणि मजकुराचा तक्ता, ३. लिहून काढणं, ४. समजावून सांगणं, दीड. झाले साडेवीस तास, म्हणजे १४,३५०. सरळ १५,००० सांगा. एकूण काम सव्वा लाखाच्या आसपासचं असेल तर ही रक्कम साधारण आठवा भाग होते आणि पटतेही. ५,००० मध्ये हे होत नाही. त्या पैशात प्रश्नावली भरून मिळते, तिला आराखडा म्हणू नये.

गिऱ्हाइकाच्या गिऱ्हाइकांना केलेले पाच फोन हा यातला सर्वांत मोलाचा भाग आहे, आणि घाईत पहिली गळती त्याचीच होते. तिघं सध्याचे घ्या, एक तुटलेला, आणि एक असा की ज्यानं चौकशी केली पण माल घेतला नाही. विचारायचं एवढंच: यांचं नाव पहिल्यांदा कुठं ऐकलं, घेण्याआधी काय खात्री करून घेतली, फोनवर पहिला प्रश्न कोणता विचारला. मालक सांगतो "आमची क्वालिटी". गिऱ्हाईक सांगतं "हे फोन उचलतात". साइटच्या पहिल्या पानावर काय हवं, ते इथं कळतं.

फाईलच्या पहिल्या पानावर एकच वाक्य असावं: ही साइट कोणासाठी आहे आणि आलेल्या माणसानं इथं काय करायचं आहे. त्यानंतर किल्ल्यांची यादी. डोमेन (साइटचा पत्ता) कोणाच्या नावावर आहे, होस्टिंगचा (साइट जिथं ठेवली जाते त्या जागेचा) पासवर्ड कोणाकडे, गूगलवरची धंद्याची नोंद कोणाच्या ईमेलला जोडलेली आहे. डोमेन मागच्या डेव्हलपरच्या नावावर, त्याचा नंबर बदललेला, आणि ओटीपी त्याच जुन्या नंबरवर जातोय, हा प्रकार कोल्हापुरात नवा नाही. हे साइट तयार झाल्यावर उघडकीला आलं की सगळं काम हात बांधून बसतं.

मग जुन्या पानांचा हिशेब. गूगलचं सर्च कन्सोल मागच्या १६ महिन्यांचे आकडे दाखवतं. त्यातून लोक कोणते शब्द शोधून कोणत्या पानावर येतात ते काढा, आणि प्रत्येक जुन्या पत्त्यासमोर नवा पत्ता लिहा. हा तक्ता न करता नवी साइट चढवली की जुने पत्ते मरतात. गूगलवरून येणारे लोक 'पान सापडत नाही' वाचून परत जातात, आणि दोन महिन्यांनी मालक म्हणतो, जुनीच बरी होती. ३०१ रीडायरेक्टचं, म्हणजे जुन्या पत्त्यावरून नव्यावर आपोआप नेण्याचं, काम अर्ध्या दिवसाचं असतं, पण आधी यादी हवी.

मजकुराचा तक्ता सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत उपयोगी. चार रकाने: पान, मजकूर कोण देणार, फोटो कोण देणार, कोणत्या तारखेपर्यंत. 'कोण' या रकान्यात माणसाचं नाव लिहा. 'ऑफिस' लिहिलंत की कोणीच देत नाही. साइट रखडते ती सहसा कोडमुळे नाही, 'आमच्याविषयी'चे तीन परिच्छेद न आल्यामुळे.

शेवटी काय आत्ता करायचं, काय पुढच्या वर्षी आणि काय अजिबात नाही, आणि त्यानुसार पक्का आकडा. 'अजिबात नाही'ची यादी सहीसकट ठेवा. पुढची भांडणं तिथंच मिटतात.

प्रश्न: गिऱ्हाईक म्हणतं, आराखड्याचे पैसे पुढच्या बिलातून वळते करून घ्या. करावेत का? — शाहूपुरी

पूर्ण वळते करू नका. केलेत की आराखडा पुन्हा फुकटच झाला, फक्त फिरून आला. शिवाय तुमच्या सल्ल्यालाच डाग लागतो: काम मिळालं तरच तुमचे तास वसूल होणार असतील, तर "तुम्हाला एवढी मोठी साइट नको" हे तुमच्या तोंडून निघेल का?

इथंही फाउंड्रीचाच अनुभव बघा. काही जण पॅटर्नचा खर्च किलोच्या दरात मुरवून देतात. लॉट पूर्ण गेला तर ठीक. ऑर्डर मध्येच थांबली की पॅटर्नचे उरलेले पैसे कोणाकडे मागायचे, यावरून वर्षभर पत्रव्यवहार चालतो. फारच जुना संबंध असेल तर एवढं करा: आराखडा मिळाल्यापासून ३० दिवसांत कामाची ऑर्डर दिली तर त्यातले ३,००० सूट म्हणून. मुदत लिहून द्या, नाहीतर दोन वर्षांनीही ते तीन हजार मागितले जातात.

प्रश्न: आमचा कोल्हापुरी चपलांचा पिढीजात धंदा आहे. ऑनलाइन विकायचं म्हणून एका मुलाला बोलावलं, तर तो नुसता आराखडा करायचे १५,००० मागतो. आमचा भाचा म्हणतो, वर्डप्रेस (साइट बनवायचं सॉफ्टवेअर) तो फुकट टाकून देईल. हा मुलगा आम्हाला गंडवतोय का? — महाद्वार रोड

तो तुम्हाला काय विचारतो, यावरून ओळखा. "रंग कोणता हवा, लोगो आहे का" एवढंच विचारून १५,००० मागत असेल तर देऊ नका. पण त्यानं पुढचे प्रश्न काढले, तर ते पैसे वाचवणारे आहेत.

माप कसं घेणार? दुकानात गिऱ्हाईक पाय घालून बघतं, आणि तुम्ही "थोडी घट्टच घ्या, चामडं वापरून सैल होतं" असं सांगता. ऑनलाइन हे कोण सांगणार? माणूस नेहमीच्या बुटाचा नंबर टाकतो, चप्पल घट्ट लागते, परत येते. परतीचं कुरिअर तुमच्या अंगावर. म्हणून कागदावर पाय ठेवून टाचेपासून अंगठ्यापर्यंत सेंटिमीटरमध्ये मोजायची रीत, आणि तुमच्या प्रत्येक प्रकाराचा वेगळा तक्ता हवा. प्रत्येक कारागिराचा आठ नंबर सारखा असतो का, हे आधी तुम्हीच तपासायला हवं.

कुरिअरचा हिशेबही फसवा असतो. चपलेचा जोड भरेल पाऊण किलो. पण खोका ३२ × २० × ११ सेंटिमीटरचा असेल तर घनफळ ७,०४०. कुरिअर कंपन्या खोक्याच्या आकारावरूनही वजन धरतात, त्यासाठी सहसा याला ५,००० नं भागतात, म्हणजे १.४ किलो, आणि पैसे दीड किलोचे लागतात. भाच्यानं पाऊण किलोचा दर साइटवर टाकला, तर प्रत्येक जोडीमागं फरक तुमच्या खिशातून जाणार, आणि तो महिन्याच्या शेवटी एकदम दिसणार.

हाताच्या मालाचा साठा कसा दाखवणार? एकाच डिझाइनचे तीनच जोड असतील आणि तेच दुकानातही विकले जात असतील, तर ऑनलाइन पैसे आल्यावर माल संपलेला असतो. ऑर्डरनंतर किती दिवसांत बनवून देणार, हे पानावर लिहावं लागेल. खरेदी-परतीचे नियम, गोपनीयता, संपर्काचा पत्ता ही पानं तयार नसतील तर पेमेंट गेटवेची (ऑनलाइन पैसे घेण्याच्या सेवेची) मंजुरीही अडते. आणि २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. पण ते चिन्ह साइटवर लावायचं तर तुमची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद आहे का, हेही त्यानं विचारलं पाहिजे.

पैसे देण्याआधी त्याच्याकडून तीन गोष्टी लिहून घ्या: फाईल तुमच्या मालकीची राहील, ती घेऊन दुसऱ्याकडून दर मागवता येतील इतकी ती स्पष्ट असेल, आणि साइट नकोच असं निघालं तर तेही तो स्पष्ट लिहील. पुष्कळदा असं निघतं की पहिलं वर्ष व्हॉट्सॲपवरची यादी, गूगलवरची नोंद आणि नीट काढलेले चाळीस फोटो एवढ्यावर भागतं. तसं झालं तर त्या १५,००० नी तुमचा एक-सव्वा लाख वाचवला. भाच्याला नाराज करू नका. फाईल हातात आल्यावर तोही त्यावरून साइट उभी करू शकेल.

प्रश्न: मागच्या वेळी गिऱ्हाइकाला पानांची यादी, कीवर्ड, पहिल्या पानाचा कच्चा नकाशा, सगळं विश्वासानं दिलं. त्यानं ते पुढं करून दुसऱ्याकडून निम्म्यात काम केलं. कायद्यानं काही करता येतं का? — इचलकरंजी

फारसं नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संरक्षण मिळतं ते लिहिलेल्या-रेखाटलेल्या रूपाला. 'किमतीचं पान वेगळं करा, कापडाचे नमुने मागवायचा फॉर्म ठेवा' ही कल्पना कोणीही उचलू शकतो. तुमचे परिच्छेद जसेच्या तसे छापले असतील तरच बोलायला जागा आहे, आणि तेवढ्यासाठी वकील करणं परवडत नाही.

उपाय आधीचा आहे. फुकट काय द्यायचं याची रेघ आखा: ४० मिनिटांची एक भेट, सध्याच्या साइटमधली दोन-तीन भोकं बोटानं दाखवणं, खर्चाचा पल्ला. दुखणं कुठं आहे ते सांगा, औषधाची चिठ्ठी लिहू नका. पानांची यादी, शोधशब्द, नकाशे हे सगळं पैशानंतर, आणि व्हॉट्सॲपवर तुकड्या-तुकड्यानं कधीच नाही. रात्री साडेदहाला "फक्त पानांची नावं पाठवा की" असा मेसेज येतो, आणि माणूस भिडेला बळी पडतो. "आराखड्यात येतील" एवढंच उत्तर द्या.

पैसे घेऊन दिलेली फाईल मात्र मोकळ्या मनानं त्याच्या नावावर करा. इथं एक बारीक कलम आहे: हक्क लेखी द्यावे लागतात, आणि मुदत व प्रदेश लिहिला नाही तर कायदा पाच वर्षं आणि भारतापुरतं असं धरतो. म्हणून 'कायमस्वरूपी, जगभरासाठी, पूर्ण रक्कम मिळाल्यावर' हे शब्द पत्रात घाला. शेवटचे तीन शब्द तुमच्यासाठी आहेत.

प्रश्न: तीन भाऊ मिळून धंदा बघतात. धाकट्यानं आराखड्याला होकार दिला, थोरल्यानं साइटच्या शेवटच्या टप्प्यावर सगळं बदलायला लावलं. — मार्केट यार्डाजवळचा वाचक

थोरल्या भावाला विचारलंच नव्हतं, म्हणून ते झालं. पहिल्या बैठकीची वेळ थोरल्याच्या सोयीनं ठरवा, मग ती सकाळी सातची का असेना. आराखड्याच्या फाईलवर तिघांच्या सह्या घ्या, आणि पहिल्याच पानावर 'अंतिम मान्यता कोणाची' या ओळीपुढं एकच नाव लिहा. तिघांना एकत्र बसवून विचारायला एक चांगला प्रश्न आहे: "उद्या साइट बंद पडली तर पहिला फोन कोणाचा येईल?" थोरला म्हणतो व्यापाऱ्यांचा, धाकटा म्हणतो मुंबईच्या किरकोळ गिऱ्हाइकांचा. मतभेद तिथंच कळतात, डिझाइन होण्याआधी.

गुळाचा धंदा असेल तर हंगामही विचारा. गुऱ्हाळं दिवाळीच्या सुमारास सुरू होतात, म्हणजे आराखडा ऑगस्टमध्येच हातात हवा. पावसाळ्यात गुळाला पाणी सुटतं. त्या दिवसांत एक किलोचा रवा (गुळाची छोटी ढेप) कसा बांधून पाठवणार, की विक्रीच बंद ठेवणार, हा प्रश्न कोडवाल्यानं नाही, आराखडेवाल्यानं विचारायचा. एफएसएसएआयचा (अन्न परवान्याचा) नंबर, निव्वळ वजन, कमाल किंमत आणि उत्पादकाचा पत्ता मालाच्या पानावर दिसले पाहिजेत, त्यांची जागाही तेव्हाच ठरते.

प्रश्न: पाच पानांच्या छोट्या साइटलाही आराखड्याचे वेगळे पैसे मागायचे का? — कळंबा

नको. दवाखाना, क्लास, छोटं हॉटेल यांची २५,००० च्या आतली साइट असेल तर वेगळी फाईल परवडत नाही, त्यांनाही आणि तुम्हालाही. बारा प्रश्नांचा छापील कागद ठेवा, तो समोर बसून स्वतःच्या हातानं भरा आणि त्याचे दोन तास मूळ दरातच धरा. कागद गिऱ्हाइकाकडे 'भरून पाठवा' म्हणून दिलात की तो गल्ल्याखालीच राहतो.

प्रश्न: आराखड्याचे पैसे आगाऊ घेतले तर जीएसटीचं काय? — ताराबाई पार्क

सेवेची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल आणि नोंदणी केलेली नसेल, तर जीएसटी लावता येत नाही. साधं बिल द्या. नोंदणी असेल तर १८ टक्के: १५,००० वर २,७००, एकूण १७,७००. गिऱ्हाईक महाराष्ट्रातलं असेल तर त्यातला निम्मा केंद्राचा, निम्मा राज्याचा.

चूक होते ती आगाऊ रकमेत. मालाच्या आगाऊ रकमेवर आता कर भरावा लागत नाही, सेवेच्या आगाऊ रकमेवर मात्र लागतो. पैसे आले की पावती-व्हाउचर फाडा आणि त्या महिन्याच्या हिशेबात कर दाखवा. आराखडा दिल्यावर ३० दिवसांत कर बीजक द्या. गिऱ्हाइकाला भरलेल्या कराचं क्रेडिट त्या बीजकावर मिळतं, व्हाउचरवर नाही. काम रद्द होऊन पैसे परत दिलेत तर परताव्याचं व्हाउचर करा. कंपनी टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा प्राप्तिकर) कापणार असेल तर तो १५,००० वर कापला जावा, जीएसटीवर नाही. त्यासाठी बिलात जीएसटीची ओळ वेगळी हवी. आराखडा आणि साइट यांची बिलं वेगळी ठेवा. एकत्र केलीत की साइट रखडल्यावर आराखड्याचे पैसेही अडकतात.

प्रश्न: गिऱ्हाईक म्हणतं, "मजकूर तयार आहे, छापखान्यात आहे, कॉपी-पेस्ट करा." मग त्याचे वेगळे पैसे कसे मागू? — लक्ष्मीपुरी

आराखड्याच्या पहिल्याच दिवशी ती फाईल मागवा आणि एक परिच्छेद साइटवर चिकटवून दाखवा. छापखान्यातला जुना मराठी मजकूर पुष्कळदा पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये असतो. तो युनिकोड, म्हणजे सगळीकडे सारखी अक्षरं दिसणारा, नसतो. चिकटवला की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. तो मालकाच्या डोळ्यांनी दिसला की 'तयार आहे' हा शब्द परत येत नाही.

रूपांतर करणारी साधनं आहेत, पण ती शंभर टक्के बरोबर काढत नाहीत. रफार एक अक्षर पुढं-मागं सरकतो, 'ऱ्य'चा 'र्य' होतो, पहिली वेलांटी भलत्या अक्षराला लागते, जोडाक्षरं तुटतात आणि मराठी आकडे इंग्रजी होतात. म्हणून रूपांतर झालं की प्रत्येक ओळ वाचून तपासावी लागते. छापील पानाला, साधारण ३०० शब्दांना, वीस मिनिटं धरा. चाळीस पानांच्या स्मरणिकेतला मजकूर घ्यायचा तर तेरा-चौदा तास झाले. ७०० च्या दरानं तो खर्च साडेनऊ हजारांच्या आसपास जातो. आराखड्यात ही ओळ वेगळी लिहा आणि शेजारी पर्याय द्या: चाळीसातली कोणती सहा पानं खरोखर लागतात?

मोबाइलवर वाचायला मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरीसारखा मोकळा फाँट घ्या. ओळींतलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. आणि मराठी-इंग्रजी दोन्ही भाषा हव्या असतील तर पानांची संख्या दुप्पट होते, हे आकडा सांगण्याआधी सांगा. "फक्त भाषांतराचं बटण टाका" असं म्हणणाऱ्याला त्याच्याच दुकानाचं नाव यंत्रानं कसं बदललंय, ते उघडून दाखवा.